बर्फ उपसताना हृदय कसे सांभाळावे

टोरंटो, शिकागो किंवा न्यू जर्सीत रात्रभर बर्फ पडला की सकाळी गाडी काढण्यासाठी ड्राइव्हवे मोकळा करणे ओघानेच येते, आणि एरवी दिवसभर खुर्चीत बसून काम करणारा माणूस घाईघाईने फावडे घेऊन बाहेर पडतो. कॅनडाच्या क्यूबेक प्रांतातील १९८१ ते २०१४ या काळातील नोंदींच्या अभ्यासात, २० सेंटीमीटर बर्फ पडल्याच्या दुसऱ्या दिवशी पुरुषांना हृदयविकाराच्या झटक्याने मृत्यू येण्याची शक्यता कोरड्या दिवसांपेक्षा ३४ टक्क्यांनी जास्त आढळली.

थंडीने रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो, आणि जड फावडे उचलताना आपण नकळत श्वास रोखून धरतो. म्हणजे हृदयाला जास्त रक्त हवे असते नेमका तेव्हाच त्याचा पुरवठा आखडतो. म्हणूनच ज्यांची अँजिओप्लास्टी किंवा बायपास झाली आहे, ज्यांना मधुमेह वा रक्तदाब आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे काम करू नये. आपल्याकडच्या लोकांत हृदयविकार तुलनेने लवकर गाठतो, हेही ध्यानात असू द्यावे. हिवाळ्यात मुलांकडे राहायला आलेले बाबा 'तेवढेच हातपाय मोकळे होतील' म्हणाले, तरी त्यांच्या हाती फावडे देऊ नये.

बाहेर पडण्याआधी घरातच पाच-दहा मिनिटे चालावे, एकावर एक कपडे घालावेत, नाकातोंडावर मफलर घ्यावा आणि फोन आतल्या खिशात ठेवावा, कारण थंडीत त्याची बॅटरी लवकर उतरते. फावडे लहान पात्याचे निवडावे. शक्य तिथे बर्फ उचलू नये, ढकलावा. उचलावाच लागला तर फावडे अर्धेच भरावे आणि उचलताना श्वास सोडावा. दर दहा मिनिटांनी आत येऊन बसावे. बर्फ थांबण्याची वाट पाहण्यापेक्षा तो पडत असतानाच दोन-तीनदा थोडाथोडा काढलेला बरा.

खरा धोका मात्र शेवटी उभा राहतो. काम संपत आले की रस्ता साफ करणारी गाडी जाते आणि ड्राइव्हवेच्या तोंडाशी राखाडी, ओल्या, दगडासारख्या घट्ट बर्फाचा बांध घालून जाते. दमलेल्या अंगाने तो एका दमात फोडण्याचा मोह होतो. तिथेच थांबावे, पाणी प्यावे, आणि नंतर पातळ थर तासत तो काढावा किंवा बर्फ उडवून बाजूला टाकणारे यंत्र म्हणजे स्नोब्लोअर चालवणाऱ्याला बोलवावे.

छातीत दडपण, जबडा, खांदा किंवा हातात कळ, थंडीतही दरदरून घाम, मळमळ, धाप, यांपैकी काहीही जाणवले तर फावडे टाकून ९११ या आणीबाणीच्या क्रमांकावर फोन करावा. पित्त असेल म्हणून वाट पाहू नये, आणि स्वतः गाडी चालवत रुग्णालयात जाऊ नये. अॅस्पिरिन फोनवरील व्यक्तीने सांगितले तरच चावून घ्यावी.

कोणी कोसळले, हाक मारूनही प्रतिसाद देत नसेल आणि श्वास नीट चालत नसेल, तर ९११ ला कळवून फोन स्पीकरवर ठेवावा, छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी मिनिटाला १०० ते १२० वेळा, किमान ५ सेंटीमीटर खोल दाबत राहावे, आणि घरातील दुसऱ्या धडधाकट माणसाने अंगणातले दिवे लावून स्ट्रेचर येईल एवढी वाट मोकळी करावी.