ख्रिस्ती मंडळीत शालेय मदत आणि विद्यार्थ्यांसाठीची उपासना कशी आखावी

मे महिन्यात बारावी-दहावीचे निकाल लागतात आणि मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, उपकारस्तुतीची (देवाचे आभार मानून दिलेल्या अर्पणाची) पाकिटे वाढतात. कोणाची मुलगी पास झालेली असते, कोणाला पहिला पगार मिळालेला असतो. त्याच सुमारास दुसऱ्या काही घरांत वह्या, दप्तर, रेनकोट आणि रिक्षाचे आगाऊ पैसे यांचा मेळ बसत नसतो. राज्य मंडळाच्या शाळा साधारण जूनच्या मध्यावर उघडतात, विदर्भात उन्हामुळे त्याहून उशिरा. म्हणजे हातात चार-पाच आठवडे असतात आणि तेवढे पुरतात. मात्र मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंच कमिटीच्या पहिल्याच बैठकीत एक गोष्ट ठरवून घ्या: कोणत्या मुलाला मदत मिळाली, हे उपासनेला बसलेल्या कोणालाही कळता कामा नये. पुढचे बहुतेक निर्णय याच अटीवरून घ्यायचे आहेत.

१. यादी : मेचा पहिला पंधरवडा

"गरजूंनी नावे द्यावीत" अशी सूचना वेदीवरून देऊ नका. ज्यांना खरी गरज असते ते गप्प बसतात. त्याऐवजी शब्बाथ शाळेतल्या (रविवारच्या बायबल वर्गातल्या) सगळ्याच मुलांची माहिती घ्या: इयत्ता, माध्यम, शाळा, शाळेत जायचे साधन. सगळ्यांनाच विचारले की कोणी वेगळे पडत नाही. त्यातून मदतीची नावे तिघांनी निवडावीत: पाळक (मंडळीचे धर्मगुरू), शब्बाथ शाळेच्या एक शिक्षिका आणि घरभेटींना जाणाऱ्या महिला मंडळातल्या एक बाई. ही यादी वहीतच ठेवा. व्हॉट्सॲपवर गेलेली यादी संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाची होते.

शाळा काय देते तेही विचारा. जिल्हा परिषद, महापालिका आणि अनुदानित शाळांत आठवीपर्यंतची पाठ्यपुस्तके मोफत मिळतात, त्यावर निधी खर्चू नका. नववी-दहावीची पुस्तके मात्र विकत घ्यावी लागतात. काही खासगी इंग्रजी शाळा ठरलेल्या दुकानातूनच संच घ्यायला लावतात. तिथे वस्तू देऊन उपयोग नाही, बिलाला हातभार लावा.

२. संच ठरवणे

घोळ होतो तो वह्यांत. पहिली-दुसरीला १०० पानी सहा वह्या पुरतात: दोन दुरेघी, दोन चाररेघी, दोन चौकडी. सोबत डझनभर पेन्सिली, दोन खोडरबर, दोन शार्पनर. तिसरी-चौथीला आठ वह्या. पाचवी ते सातवीला २०० पानी दहा-बारा, एक चित्रकला वही आणि कंपास पेटी. आठवी ते दहावीला डझनभर लाँगबुक आणि आलेख वही. प्रयोगवही शाळा सांगेल तीच घ्यावी लागते, म्हणून ती संचात टाकू नका, तिचे पैसे द्या.

दप्तर दरवर्षी लागत नाही. घ्यायचेच तर चेन दहा वेळा उघडझाप करून पाहा आणि पट्ट्याचा जोड दुहेरी शिवलेला आहे का ते तपासा, कारण दप्तर तिथेच फाटते. जून आहे, तेव्हा रेनकोट किंवा छत्री विसरू नका. पावसात भिजलेले पोर दोन दिवस शाळेला मुकते.

खरेदी मेअखेर उरका. पुण्यात अप्पा बळवंत चौक, मुंबईत अब्दुल रहमान स्ट्रीट, इतरत्र तालुक्याचा घाऊक दुकानदार. तीन ठिकाणी भाव विचारा आणि न फोडलेले डझन परत घेण्याची अट आधीच बोलून घ्या. तरुण संघाला ब्राउन पेपरची कव्हरे घालायला बसवा. वह्यांवर किंवा दप्तरावर मंडळीचा शिक्का मारायचा मोह आवरा. त्या शिक्क्याने मदतीची बातमी वर्गात पोचते.

३. अर्पण

लोकांना वस्तू आणायला सांगितले, तर एकरेघी १०० पानी वह्यांचा ढीग जमतो आणि चौकडी वही एकही येत नाही. वर चेन तुटलेली जुनी दप्तरे येतात, ती वेगळीच. पैसे मागा, पण ते कशाचे आहेत हे दिसू द्या. मंडळीच्या दाराशी कार्डे ठेवा: "पेन्सिलींचा डझन", "एका मुलाच्या वह्या", "रेनकोट", "पूर्ण संच", प्रत्येकावर दुकानातून आलेला खरा भाव. सर्वांत लहान कार्ड मोलमजुरी करणाऱ्या बाईलाही सहज उचलता आले पाहिजे. बायबलमध्ये २ करिंथ ९:७ येथे संतोषाने देणारा देवाला प्रिय असतो असे म्हटले आहे. नावे आणि रकमा वाचून दाखवल्या की संतोष जातो आणि चढाओढ येते. फक्त एकूण जमा जाहीर करा.

मोजणी त्याच दिवशी दोघांनी करावी, पावती फाडावी, रक्कम बँकेत भरावी आणि खात्यात "शालेय निधी" हे वेगळे शीर्षक ठेवावे. परदेशातल्या नातेवाइकांचे पैसे घेताना जपून. भारतीय पासपोर्ट असलेल्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेली रक्कम परकीय योगदान धरली जात नाही. पण त्याने परदेशी नागरिकत्व घेतले असेल, तर ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे) असूनही २०१० च्या परकीय योगदान कायद्याखाली नोंदणी नसलेल्या मंडळीला ते घेता येत नाही.

४. वाटप आणि उपासना

संच उपासनेआधीच्या आठवड्यात साध्या कापडी पिशवीत, संध्याकाळी, पालकांच्या हाती द्या. मुलाला ते आई-बाबांनीच आणले असे वाटले तर उत्तमच. फोटो नको, आभारपत्रही लिहून घेऊ नका. शेजारच्या बिगरख्रिस्ती घरांनाही देणार असाल, तर पिशवीत धर्मप्रचाराची पत्रिका किंवा बायबलच्या वचनाचे कार्ड घालू नका. मदतीला अट असल्याचा संशय आला, की पुढच्या वर्षी त्या घराचे दार उघडत नाही.

शाळा उघडण्याआधीच्या रविवारी विद्यार्थ्यांसाठी वीस मिनिटे राखा. त्यापेक्षा लांबले की लहान मुले वळवळायला लागतात. मुलांना नावाने न बोलावता इयत्तांच्या गटाने पुढे घ्या. आयटीआय, नर्सिंग आणि कॉलेजची मुलेही यावीत. दोन-तीन मुलांनी गेल्या वर्षीच्या एका शिक्षकाबद्दल एकेक वाक्य उपकारस्तुती करावी. मग शिक्षक, शिपाई आणि रिक्षावाले काका यांच्यासाठी प्रार्थना, गणना ६:२४-२६ चा आशीर्वाद आणि प्रत्येकाला एकसारखे पेन.

गुणगौरव या दिवशी ठेवू नका. टक्केवारी वाचायला लागलात की नापास झालेला मुलगा मागच्या बाकावरून उठून बाहेर जातो, आणि या रविवारी धीराची गरज त्यालाच सर्वांत जास्त असते. पुरवणी परीक्षा जून-जुलैत येते. तिचे शुल्क निधीतून भरा आणि गणितासाठी तरुण संघातला एखादा पदवीधर त्याच्यासोबत बसवा.

५. उरलेले पैसे

हिशेब नोटीस बोर्डावर लावा: जमा, खर्च, शिल्लक. सगळी रक्कम जूनमध्ये संपवू नका, चौथा हिस्सा मागे ठेवा. दिवाळीच्या सुट्टीनंतर दुसरे सत्र सुरू होते तेव्हा वह्या संपलेल्या असतात आणि तेव्हा कोणी विचारत नाही. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी त्या तिघांनी यादीची वही पुन्हा उघडावी आणि त्या घरांत कोणत्या वह्या लागतील ते विचारून यावे.