कूलरमध्ये बर्फ टाकण्याआधी खिडकी उघडा
आमच्या ग्वाल्हेरात मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास गेला की लश्कर भागात घरोघरी तोच सीन, कूलर फुल स्पीडवर, दारं-खिडक्या गच्च बंद आणि कुणीतरी टाकीत बर्फ टाकतंय. अहो, बर्फावर पैसे कशाला घालवता! १ किलो बर्फ वितळताना साधारण ३३४ किलोज्यूल उष्णता घेतो, पण तेच १ लिटर पाणी जाळीतून वाफ होऊन उडालं की जवळपास २४०० घेतं, म्हणजे सातपट, आणि ती उष्णता जाते हवेतूनच, म्हणून तर हवा गार लागते. तेव्हा कूलर खिडकीला बाहेरून लावा, बाहेरची कोरडी हवा ओढू द्या आणि समोरची खिडकी चार बोटं तरी उघडी ठेवा, नाहीतर दमट हवा खोलीतच कोंडते, तासाभरात चादर चिकट आणि पापड मऊ (आईचा डबाभर गेला, अजून ऐकतोय). जाळीतली खस पांढरी, कडक झाली असेल तर बदलूनच टाका, क्षार बसले की पाणी तिच्यात पसरतच नाही. जुलैत पाऊस लागला की मात्र पंप बंद, नुसता पंखा चालवा, हवा आधीच ओली, पाणी उडणार कुठे?