भुसा पिंपातच राहावा म्हणून: घरच्या सेपरेटरला कुठलं साहित्य घ्यावं

लाकडाचा भुसा ओढणारा होज आणि व्हॅक्यूम क्लीनर यांच्या मध्ये एक पिंप, म्हणजेच सेपरेटर, बसवलं की भुसा पिंपात पडतो, फिल्टर लवकर तुंबत नाही. करणाऱ्यांचं सगळं डोकं आकारात जातं. घात करतात ते पिंप आणि झाकण.

20 लिटरची रंगाची बादली फुकटात मिळते, पण होज तुंबला की ती चेपते. तोंड बंद झालं की वर्कशॉप व्हॅक्यूम साधारण 15 ते 20 किलोपास्कल ओढतो. 30 सेंमी व्यासाच्या झाकणावर 15 किलोपास्कल म्हणजे शंभर किलोच्या वर भार, आणि 40 सेंमीच्या झाकणावर जवळजवळ 190 किलो! त्यामुळे जाड भिंतीचं, लोखंडी कडीने आवळायचं 50-60 लिटरचं निळं एचडीपीई (टणक प्लास्टिक) पिंप घ्यावं आणि झाकणाला आतून 18 मिमी प्लायचा गोल लावावा.

मकरपुरा, नंदेसरीचे कारखाने शेजारी असल्याने बडोद्यात भंगारात जुनी पिंपं मिळतात. लेबल फाडलेलं किंवा वास येणारं पिंप स्वस्त असलं तरी नको. लोणच्याचं, खाण्याच्या मालाचं बघा. थिनरचा लोखंडी ड्रम तर ग्राइंडरने कापूच नका, आत उरलेली वाफ पेट घेते.

एचडीपीईला सिलिकॉन चिकटत नाही. आज घट्ट वाटतं, पण चार दिवसांनी नखाने उचललं की केळ्याच्या सालीसारखी अख्खी पट्टी हातात येते. पाइपच्या फ्लॅंजखाली (झाकणावर टेकणाऱ्या चपट्या कडेखाली) 3 मिमी रबर गॅस्केट द्या आणि मोठे वॉशर घालून नट-बोल्टने आवळा.

खाली पडलेला भुसा परत वर उडू नये म्हणून पिंपात वरच्या बाजूला आडवी तबकडी लागते, ती 6 मिमी प्लायची पुरते. कडेने 240 अंश फिरणारी, 28-30 मिमी रुंद फट कापा. उरलेला बंद भाग आत येणाऱ्या पाइपच्या खाली येऊ द्या. हा पाइप भिंतीला स्पर्शून, तिरका आत शिरला पाहिजे. मधला बाहेर जाणारा पाइप तबकडीच्या वर, 50 मिमी पाइप असेल तर 25 मिमीवर थांबवा. रंध्याचे लांब छिलके या फटीत अडकतात. रंधाच जास्त चालत असेल तर तबकडीपेक्षा विकतचा प्लास्टिक सायक्लोन (हवा गोल फिरवून भुसा खाली पाडणारा शंकू) बरा. एमडीएफ (लाकडाच्या तंतूंचा दाबलेला बोर्ड) कशालाच नको, बडोद्याच्या पावसाळ्यात कडा फुगतात आणि झाकण बसेनासं होतं.

पाइप व्हॅक्यूमच्या होजएवढाच ठेवा. 40 मिमी होजला 110 मिमी पाइप जोडला की हवेचा वेग सातव्या हिश्शावर येतो आणि भुसा वाटेतच बसतो. हिवाळ्यात पीव्हीसी पाइप स्थिर विजेचे चटके देतो. बाहेरून गुंडाळलेली, अर्थ केलेली तांब्याची तार ते कमी करते, पण प्लास्टिक वीज वाहत नसल्याने पूर्ण थांबवत नाही. ग्राइंडरच्या ठिणग्या मात्र यात कधीच ओढू नका.

शेवटी गळती. पिंपाच्या खालच्या बाजूला बारीकशी फट असली तरी तिथून शिरलेली हवा बसलेला भुसा उचलून थेट फिल्टरकडे नेते. व्हॅक्यूम चालू करून अगरबत्ती प्रत्येक सांध्याजवळून हळू फिरवा. धूर आत ओढला गेला तिथे 10 मिमी फोमची पट्टी लावा. मग होजचं तोंड तळहाताने तीन सेकंद बंद करून पिंपाच्या भिंतीकडे बघा. भिंत आत जात असेल तर आतून प्लायची कडी बसवल्याशिवाय ते वापरू नका. तबकडीखाली 10 सेंमी उरले की पिंप रिकामं करा.