रिकामा रॅक बघून शेअर घेताय? या चुका टाळा

परवा पुतण्याचा फोटो आला. मॉलमधल्या दुकानातला हार्ड डिस्कचा रॅक, निम्मा रिकामा. खाली लिहिलेलं, "काका, माल टिकत नाहीये. या कंपनीचे शेअर उचलू का?" असे फोटो मला दर दोन-तीन महिन्यांनी कुणी ना कुणी पाठवतंच. एकदाचं लिहून टाकतो.

रिकामा रॅक म्हणजे खप, ही माझी खास नावडती चूक. कारण ती मी स्वतःच्या पैशानं केलीय. एक छोटी लिस्टेड कंपनी होती, नाव नको. पेन ड्राइव्ह, मेमरी कार्ड विकायची. सलग चार शनिवार मुंबईत इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, लॅमिंग्टन रोडला, तीन दुकानांत चकरा मारल्या. तिन्ही दुकानांत तिचे हूक रिकामे. सोमवारी बाजार उघडताच शेअर घेतले. दोन तिमाह्यांत निकाल आपटले, तेव्हा तोंड पाडून त्याच दुकानात गेलो. मालक म्हणाला, "साहेब, माल संपला कुठे होता? मागवलाच नव्हता. खराब मालाच्या भरपाईचे आधीचे क्लेम कंपनीकडे अडकलेले, नवा माल कोण उचलणार?" त्या हुकांवर धूळ होती. चारही शनिवारी मी ती पाहिली होती! चालत्या मालाच्या हुकावर धूळ साचत नाही, एवढं साधं गणित.

तेव्हापासून रॅककडे बघतच नाही. काउंटरवरच्या पोराला चहा पाजतो आणि विचारतो, हा माल शेवटचा कधी आला, परत किती गेला? फोटोत हे येत नाही.

भरलेला रॅक बघून खूश होणारेही आहेत. मार्च एंडला स्कीम लागते, डिस्ट्रिब्युटर टार्गेटसाठी माल उचलतो, कंपनीच्या वहीत विक्री चढते. गिऱ्हाइकानं अजून पाकीटही काढलेलं नसतं. अमेरिकेतल्या कोलोरॅडोच्या मिनीस्क्राइब या हार्ड डिस्क कंपनीनं तर १९८७ मध्ये साठा फुगवून दाखवायला डिस्कच्या खोक्यांत चक्क विटा भरून पाठवल्या. ऑर्डरपेक्षा जास्त माल गोदामांत ढकलून तो विक्रीत धरला, ते वेगळंच. १९९० उजाडताच दिवाळखोरी. आता मोजा खोकी.

मोजणी बरोबर, निष्कर्ष चूक, असंही होतं. आयोमेगा या अमेरिकन कंपनीचा झिप ड्राइव्ह, म्हणजे काढता-घालता येणाऱ्या डिस्कवर डेटा साठवायचं यंत्र, १९९५ मध्ये बाजारात आला. ड्राइव्ह साधारण २०० डॉलरला, १०० एमबीची डिस्क २० ला. हौशी गुंतवणूकदार दुकानं पालथी घालत होते, युटामधल्या रॉय गावी जाऊन काम किती जोरात आहे ते बघायला कंपनीच्या पार्किंगमध्ये सुट्टीच्या दिवशी गाड्याही मोजत होते. ड्राइव्ह खरंच खपत होते, त्यात खोट नव्हती. पण खरी कमाई डिस्कवर. एकेक गिऱ्हाईक पुढे किती डिस्क घेणार, हे रॅक कुठून सांगणार? शिवाय ती चांगली बातमी भावात कधीच शिरली होती. मे १९९६ मध्ये शेअर शिखरावर गेला आणि उन्हाळा सरेपर्यंत निम्म्याखाली आला. पुढे सीडी रायटर आले, मग पेन ड्राइव्ह, आणि २००८ मध्ये कंपनी डेटा साठवणुकीच्याच धंद्यातल्या ईएमसीनं विकत घेतली.

बाकीच्या एकेका ओळीत. एका शहरातली तीन दुकानं म्हणजे बाजार नव्हे. सेल्समनचं "खूप चालतंय" हे त्याच्या इन्सेंटिव्हचं बोलणं. सीगेट, वेस्टर्न डिजिटल या हार्ड डिस्क कंपन्यांचा बहुतेक धंदा आता डेटा सेंटरशी आहे, तो माल दुकानात येतच नाही. आणि मेमरी कार्डवाली सॅनडिस्क फेब्रुवारी २०२५ मध्ये वेस्टर्न डिजिटलपासून वेगळी झाली. मेमरी कार्डांचा रॅक बघून वेस्टर्न डिजिटल घेणाऱ्याची तर कंपनीच चुकलीय.

मी काय करतो? ताळेबंद उघडतो आणि दोन आकडे बघतो, पडून असलेला साठा आणि येणं असलेली उधारी. विक्रीपेक्षा हे दोन वेगानं वाढत असतील तर मी थांबतो. वीस मिनिटांचं काम आहे, पण नव्या पोरांना वीस मिनिटं फार वाटतात. मॉलमध्ये मात्र दोन तास जातात.

पुतण्याला ताळेबंदातली हे आकडे असलेली दोन पानं पाठवलीत. निळ्या खुणा कालच आल्या, उत्तर नाही.