कपड्यांचा कुबट वास जात नाही? सोलापूरकरांनो, या चुका टाळा

सोलापुरात कपडे वाळत नाहीत अशी तक्रार कुणी करणार नाही. एप्रिल-मेमध्ये गच्चीवर घातलेला शर्ट बघता बघता कडक होतो. तरीही आंघोळ करून टॉवेल तोंडाला लावला की कुबट वास येतो, असं मात्र मी घरोघरी ऐकते. आणि असं सांगणाऱ्यांच्या बाथरूममध्ये सुगंधी बाटल्यांची रांग लागलेली असते. वासावर वास चढवून कपडा स्वच्छ होत नाही. त्यात जे अडकून बसलंय ते बाहेर काढावं लागतं, आणि त्यासाठी लागणारं सामान किराणा दुकानात त्या एका बाटलीपेक्षा कितीतरी कमी पैशांत मिळतं.

जड पाण्यात मुठीने पावडर

सगळ्यात जास्त दिसणारी आणि सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. नळाला रोज पाणी नाही म्हणून धुणं बोअरवर येतं. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार भरपूर. साबणाची वडी या क्षारांशी मिळून एक चिकट थर तयार करते, तो पाण्यात विरघळत नाही, कपड्यातच बसतो. पावडरचं तसं होत नाही, पण तिचं निम्मं बळ क्षारांशी झुंजण्यातच जातं. फेस दिसला नाही की माणूस आणखी एक मूठ टाकतो. मग पाणी वाचवायचं म्हणून विसळणं एकाच बादलीत उरकतो. ती पावडर जाणार कुठे? धाग्यात राहते, अंगाचं तेल आणि घाम तिला चिकटतात, आणि जंतूंची आयती सोय होते.

आमच्या वरच्या मजल्यावर नवीन लग्न झालेलं जोडपं राहायला आलं. आहेरात आलेले चांगले जाड टर्किश टॉवेल, सोलापूरचेच. थोड्याच दिवसांत ती पोरगी वैतागून खाली आली. "काकू, टाकून देऊ का हे? धुतले तरी वास, उन्हात घातले तरी वास. कंपनीची पावडरसुद्धा बदलली."

माझं माहेर पूर्व भागातलं, घरात टॉवेलचे माग होते. चांगला टॉवेल टाकून द्यायची भाषा माझ्या कानाला सहन होत नाही. म्हटलं, "टाकू नकोस, एक घेऊन ये." बादलीत कडक पाणी घेतलं, त्यात पावडरचा एक कण टाकला नाही. तिचा धुतलेला, वाळलेला टॉवेल त्यात बुडवला आणि काठीने दाबत राहिले. दोन-चार मिनिटांत वर फेस आला. बादलीच्या कडेला राखाडी ओशट रेघ उमटली आणि पाणी तांदळाच्या धुवणासारखं गढूळ झालं. ती बघतच राहिली. "अहो, पण हा कालच धुतलाय!" धुतला होता, विसळला नव्हता.

ते पाणी ओतून दिलं. दुसऱ्या बादलीत गरम पाणी, दोन मोठे चमचे धुण्याचा सोडा, तासभर भिजत. मग तीन पाण्यांतून खळबळून काढला. पहिल्या खेपेला वास कमी झाला, गेला नाही. पुढच्या धुण्याला पुन्हा तेच केलं, तेव्हा गेला. इथेच नवशिके धीर सोडतात. साचायला महिने लागलेली घाण एका बादलीत निघावी अशी अपेक्षा ठेवतात आणि मग म्हणतात, सोड्याने काही होत नाही.

माझी रोजची सवय सांगते. बोअरचं पाणी असेल तर आधी एक चमचा धुण्याचा सोडा विरघळवायचा, मग पाकिटावर लिहिलंय त्याच्या निम्मीच पावडर. सोडा पाण्यातल्या क्षारांना आधीच धरतो, त्यामुळे पावडर कमी लागते. विसळायला पावसाचं साठवलेलं किंवा नळाचं पाणी ठेवते, बोअरचं पाणी धुवायला. विसळताना पाण्याला बुळबुळीतपणा लागेनासा झाला की थांबायचं, बादल्या मोजत बसायचं नाही.

दोन गोष्टी सांभाळा. खायचा सोडा वेगळा, धुण्याचा सोडा वेगळा, आणि धुण्याचा सोडा रेशीम-लोकरीला लावायचा नाही. इरकल साडी, शाल यांना तो मारक आहे. आणि सोड्याचं पाणी ॲल्युमिनियमच्या पातेल्यात तापवू नका, भांडं खराब होतं. स्टीलचं घ्या.

टॉवेलला सुगंधी कंडिशनर

नको. तो धाग्यावर थर चढवतो, टॉवेल मऊ लागतो पण पाणी टिपेनासा होतो.

ऊन दाखवलं की झालं

ऊन चांगलंच, पण सगळं काम उन्हावर सोपवून चालत नाही. धुतलेल्या कपड्यांच्या कुबट वासामागे मोराक्सेला ऑस्लोएन्सिस नावाचा जिवाणू असतो, हे जपानी संशोधकांनी 2012 मध्ये दाखवून दिलं. त्यांच्या अभ्यासात हा जिवाणू कोरडेपणाला आणि अतिनील किरणांनाही बऱ्यापैकी पुरून उरला. म्हणजे टॉवेल कडकडीत वाळला तरी जंतू आत जिवंत राहू शकतो. वाळल्यावर वास दबतो, आणि अंग पुसून टॉवेल ओला झाला की पुन्हा उठतो. लोक म्हणतात "वाळल्यावर वास नव्हता", त्याचं कारण हेच.

त्यावर उपाय गरम पाण्याचा. सुती टॉवेल, गंजीफ्रॉक, उशांचे अभ्रे महिन्यातून एकदा हात घालवणार नाही इतक्या गरम पाण्यात घालते. मशीनमध्ये 60 अंशांची सोय असेल तर ती वापरा. पाणी सोलरचं असेल तर तापवायचा खर्चही नाही. मे महिन्यात दुपारी गच्चीवरच्या टाकीतून येणारं पाणी चटका देतं खरं, पण तेवढ्याने हे काम होत नाही.

पाण्याच्या दिवसापर्यंत बोचकं

आपल्याकडे पाणी काही दिवसांआड येतं. मग घामाचे कपडे झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात कोंबून ठेवायचे आणि पाणी आलं की एकदम धुवायचे, ही रीत पडलीय. पाण्याची अडचण खरी आहे, डबा मात्र आपण निवडलेला आहे. बंद डब्यात ओला शर्ट, त्यावर ओला टॉवेल, तळाला मुलांचे मोजे. तीन-चार दिवसांनी झाकण उघडल्यावर जो भपकारा येतो तो एका धुण्यात जात नाही, आणि पॉलिस्टरच्या टीशर्टचा तर नाहीच. पॉलिस्टर पाणी फारसं पीत नाही, पण अंगाचं तेल धरून ठेवतं.

आमच्या घरी अंगातून काढलेला कपडा आधी दांडीवर जातो. घाम वाळला की मगच टोपलीत, आणि टोपली वेताची, भोकाभोकांची. मोजे, आतले कपडे आणि पंचा आंघोळीबरोबर अर्ध्या बादलीत रोज निघतात. ज्यांना रोजचा हा छोटा कामाचा वाटा जड वाटतो त्यांना आठवड्याचा मोठा वास सोसावा लागतो, मी तरी दुसरा मार्ग पाहिलेला नाही. टीशर्ट उलटे करून धुवा, घाम आतल्या बाजूला असतो.

पाणी आलं म्हणून मशीन गच्च भरणं ही त्याच चुकीची धाकटी बहीण. वर हात आडवा जाईल एवढी जागा हवी, नाहीतर पाणी कपड्यांतून फिरतच नाही. आणि गच्च भरलेल्या मशीनला पंधरा मिनिटांचा झटपट प्रोग्राम लावणाऱ्यांनी वासाबद्दल विचारूच नये.

रात्री भिजवून सकाळी धुणं: उन्हाळ्यात बिलकुल नको. तास-दीड तास पुरे, रात्रभरात पाणी आंबतं.

मशीनचं झाकण धुणं झाल्यावर उघडं ठेवा. पुढून दार असेल तर रबराची घडी उलगडून कोरड्या फडक्याने पुसा, काळा चिकट मळ तिथेच सापडतो.

ब्लीचमध्ये व्हिनेगर, लिंबूफूल, काहीही आंबट मिसळू नका. विषारी क्लोरीन वायू निघतो. ही सूचना स्वच्छतेची नाही, जिवाची आहे.

डांबराच्या गोळ्या वास झाकतात, काढत नाहीत. बाळाच्या कपड्यांत तर त्या मुळीच ठेवू नका. जी-६-पीडी या रक्तपेशींना जपणाऱ्या एन्झाइमची जन्मजात कमतरता असलेल्या बाळांना नॅफ्थलिनमुळे रक्ताचा गंभीर त्रास होऊ शकतो.

वरून वाळली म्हणून चादरीची घडी

सोलापुरी चादर जाड असते, म्हणूनच ती वर्षानुवर्षं टिकते. पण दोरीवर दुपदरी टाकली की वरचा पदर उन्हात तापतो आणि दोरीवरचा पट्टा, काठ आणि आतली बाजू दमट राहते. हाताला ती वाळलेली वाटते. घडी करून दिवाणात जाते आणि दिवाळीला पाहुण्यांसमोर निघते तेव्हा घरभर वास. आपल्याकडे सगळ्यात जास्त पाऊस सप्टेंबरात, आणि दिवाळीची धुणी काढायची घाईही तेव्हाच सुरू होते.

मी चादर दोन समांतर दोऱ्यांवर पसरते, म्हणजे मधून वारा जातो. दुपारी एकदा उलटवते. संध्याकाळी काढली तरी लगेच घडी घालत नाही. रात्रभर पंख्याखाली खुर्च्यांवर पडू देते आणि सकाळी काठ गालाला लावून बघते. गालाला गार लागला तर ओल आहे, पुन्हा दोरीवर. दिवाणात चादरींखाली वर्तमानपत्र अंथरते आणि पावसाळ्यात महिन्यातून एकदा, उघाड पडलेल्या दिवशी, सगळ्या बाहेर काढून घडी मोडून वेगळ्या रेषेवर घालते. कागद ओलसर लागला तर तोही बदलते.