मीटरचा लाल दिवा आणि 10 रुपयांचा वायसर

थंडी सरली तरी वीजबिल उतरेना. मीटरच खराब, असं मी घरात ठासून सांगत होतो. एका रविवारी पांढरा रस्सा उकळेपर्यंत वेळ होता, म्हणून एकेक बटण बंद करत मीटरसमोर उभा राहिलो. पंखे, फ्रीज, टीव्ही बंद. तरी वीज जळेल तसा लुकलुकणारा मीटरचा लाल दिवा भराभर चालूच! शोधलं तर गिझर दिवसभर चालू. त्यात मोरीतला गरम पाण्याचा नळ ठिबकत होता, म्हणजे थंड पाणी आत आणि पुन्हा तापवणं. 2000 वॅटचा गिझर अर्धा तास तापला की 1 युनिट जातं. लक्ष्मीपुरीच्या बाजारातून वायसर आणून नळाला बसवला. आता अंघोळीआधी 15 मिनिटंच बटण चालू. आई म्हणाली, “नळ गळतोय हे मी दिवाळीपासनं सांगतोय.”