निकेलची पुंगळी पुन्हा भरायची, तर पितळेपेक्षा काय वेगळं करावं?

ताक पितळेच्या भांड्यात ठेवलं की कळकतं, हे घरोघरी ठाऊक असतं. चामड्याच्या पट्ट्यात खोचून ठेवलेल्या पितळी काडतुसांचंही तसंच होतं, त्यांच्यावर हिरवा कळंक चढतो. तो टाळावा आणि काडतूस बंदुकीच्या चेंबरमध्ये सहज सरकावं, म्हणून पुंगळीवर, म्हणजे काडतुसाच्या धातूच्या नळीवर, निकेलचा पातळ मुलामा देतात. आत धातू तोच, ७० टक्के तांबं, ३० टक्के जस्त. अमेरिकेत बरेच शिकारी अशी काडतुसं नेतात आणि रिकाम्या पुंगळ्या घरी पुन्हा भरतात. भारतात मात्र १९५९च्या शस्त्र कायद्यानुसार हे परवान्याशिवाय करता येत नाही.

पहिलं काम निवडण्याचं. निकेल आणि पितळ एकाच डब्यात ठेवू नका. निकेलची मान, म्हणजे गोळी धरणारा तोंडाजवळचा भाग, जास्त ताठ असते, त्यामुळे गोळीवरची पकड बदलते आणि नेम विस्कटतो. बारुदाचं प्रमाण काडतुसं भरण्याच्या मॅन्युअलमधल्या सुरुवातीच्या आकड्यापासूनच घ्या, पितळेवर ठरलेलं माप निकेलला तसंच लावू नका.

मग तपासणी. मानेवर भेग असेल तर पुंगळी बाद. निकेलमध्ये ही भेग पितळेपेक्षा लवकर येते. बुडाजवळचा दोष बाहेरून दिसेलच असं नाही. कागदाची क्लिप सरळ करून तिचं टोक जरासं वाकवा आणि पुंगळीच्या आत, बुडापासून वरच्या दिशेने भिंतीवरून अलगद ओढा. टोक एखाद्या खाचेत अडकलं, तर तिथला धातू झिजलाय. अशी पुंगळी बार उडताना तुटून दोन तुकडे होऊ शकते. ही तपासणी प्रत्येक वेळी, दोन्ही प्रकारांवर करा. कंटाळा करू नका.

साफसफाईला मक्याच्या कणसाचा भुसा पुरे. स्टीलच्या पिनांबरोबर पाण्यात तासन्‌तास घोळवलं तर मुलामा निघतो. अमोनियाचं पॉलिश दोन्हींना वर्ज्य. ब्रिटिशकाळी भारतात तबेल्यांजवळ साठवलेल्या काडतुसांना ऐन पावसाळ्यात भेगा पडत. घोड्यांच्या मुताचा अमोनिया आणि घडवताना धातूत राहिलेला ताण मिळून हे होतं, याचा उलगडा १९२१ साली झाला.

साइझिंग डाय म्हणजे फुगलेली पुंगळी मूळ मापाला आणणारा साचा. त्यात घालण्याआधी वंगण लावाच. निकेलचा खरा त्रास इथेच आहे: मुलाम्याचे पोपडे सुटून डायमध्ये रुततात आणि पुढच्या प्रत्येक पुंगळीवर त्याच जागी उभी रेघ उमटते. रेघ दिसली की हात थांबवा, डाय उघडून पुसा. पोपडे सुटू लागलेली पुंगळी वापरू नका.

लांबी मोजा. .३०८ विंचेस्टर या रायफलच्या काडतुसाच्या पुंगळीची कमाल लांबी २.०१५ इंच, त्याहून लांब झाली की २.००५ला कापतात. निकेल कठीण, त्यामुळे साधं पातं लवकर बोथट होतं, कार्बाइडचं टिकतं. कापल्यावर तोंडाला धारदार कंगोरा राहतो. तो आतून-बाहेरून नीट घासला नाही, तर गोळीच्या आवरणावर ओरखडे पडतात.

मान मऊ करण्यासाठी पितळ तापवतात, निकेलच्या बाबतीत त्या फंदात पडू नका. निकेल शिकारीसाठी राखा, सरावाला पितळच बरं. निकेल जास्त वेळा भरली जाईल ही आशाही नको.

बाद पुंगळीचं तोंड पक्कडीने चेपूनच ती भंगारात टाका, नाहीतर चुकून पुन्हा डब्यात येते.